भाकरीच्या कडा

आजोबांनी तयार केलेला दिवा आजोबांनाच बरं करू का शकत नव्हता? हे कोडं जुईला काही केल्या सुटेना.

तिचे आजोबा म्हणजे डॉक्टर वामन केळशीकर. त्यांच्या दिव्याने अन्ननलिकेच्या (घशातून पोटाकडे अन्न नेणाऱ्या नळीच्या) कर्करोगाचे कितीतरी रुग्ण बरे झाले होते. आता तोच रोग त्यांना झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसंच झालं.

"आजोबा, लावा ना तुमचा दिवा!" ती रडवेली होऊन म्हणाली.

आजोबांनी तिच्या हातात टॉर्च दिली. "बोटावर दाबून धर."

बोट लालभडक उजळलं.

"आता माझ्या दंडावर."

पलीकडे काहीच उजळलं नाही.

"आधी सुईने औषध देतात," आजोबा सांगू लागले. "ते रोगट पेशींत (शरीराच्या सूक्ष्म विटांत) जास्त साठतं, पण झोपलेलं असतं. मग घशातून बारीक तंतू सोडून लाल प्रकाश पाडला की ते जागं होतं. जवळच्या प्राणवायूला इतकं चवताळवून सोडतं, की त्या पेशी मरतात. पण प्रकाश आत शिरतो जेमतेम तांदळाच्या दाण्याइतका. माझा रोग त्याच्या पलीकडे गेलाय, बाळा. उशीर झाला."

जुईला भाकरीच्या कडा आठवल्या.

घरचा यंत्रमानव वाढप्या रोज सगळ्यांची ताटं बघायचा आणि कुणाचं जेवण कमी झालं, की दवाखान्यात कळवायचा. गेल्या वर्षी आजोबांच्या घशाखाली भाकरी उतरेनाशी झाली. "वाढप्याला सांगू नकोस हं, उगाच बोभाटा करेल," असं म्हणत ते भाकरीच्या कडा टेबलाखालून जुईला द्यायचे. ती मटामटा खाऊन टाकायची. ताट स्वच्छ! वाढप्या फसला की दोघं खुदुखुदु हसायची.

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तर दिवा पोचला असता." आजोबा तिच्याशी कधी खोटं बोलत नसत. "पण चूक तुझी नाही. मी घाबरलो होतो गं. एवढा मोठा डॉक्टर, आणि लपवाछपवी करत बसलो!"

जुई त्यांच्या कुशीत शिरून खूप रडली.

पुढे दिवा लागला, पण घास उतरण्यापुरती वाट मोकळी करायला. दुसरी औषधंही सुरू झाली. अंगातलं औषध उन्हानेही जागं होतं, म्हणून घरातले पडदे ओढलेले असत. आजोबांचे विद्यार्थी आणखी खोल पोचणारा प्रकाश शोधत होते, आणि तो सापडेल अशी जुईला आशा होती.

एका दुपारी अर्धी पेज पिऊन आजोबांनी वाटी हळूच तिच्याकडे सरकवली आणि डोळे मिचकावले.

जुईने वाटी परत त्यांच्यापुढे ठेवली. "वाढप्या, आजोबांनी अर्धीच पेज घेतली. दवाखान्यात कळव."

"फितूर झालीस!" आजोबा म्हणाले. मग त्यांनी आणखी एक चमचा तोंडात घातला.