एका बाकावरचं पुस्तक

ती त्या वर्गात शिरली ती चुकून. रसायनशास्त्राच्या खोलीतला नळ फुटला म्हणून तो तास वरच्या मजल्यावर हलवला होता, आणि हिने वर जाऊन नेमकं समोरचं दार उघडलं. आत इंग्रजी साहित्याचा तास सुरू होता. मॅडमनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं... आणि ही आपली मुकाट्याने जाऊन बसली. ‘चुकले’ म्हणून परत फिरायचा धीर काही झाला नाही.

शेजारी एक उंच मुलगा होता. सगळे त्याला लंबू म्हणत. शाळेची शेवटची दोन वर्षं सुरू होत होती. पहिला आठवडा कुठल्याही तासाला बसून बघायची मुभा होती, विषय शुक्रवारी कळवायचे. साहित्याच्या वर्गात पुस्तकं अपुरी, म्हणून बाकागणिक एक. मनातल्या मनात वाचायचं, आणि दोघांचं झालं की पान उलटायचं.

तिचं पान पटकन संपे, पण हा पठ्ठ्या आपला हलतच नसे. हळू वाचतो बिचारा, असं मनाशी म्हणत ती खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडे बघे, मग त्याच्या हाताकडे, मग—उगीचच—पुन्हा पावसाकडे. दुसऱ्या दिवशी रसायनाचं दार नीट माहीत असूनही ती इथेच आली.

तिसऱ्या दिवशी मॅडम बाकापाशी थांबल्या. “तुम्ही दोघं अजून ह्याच पानावर?”

“हिचं व्हायचंय,” लंबू म्हणाला.

“माझं? माझं कधीच झालंय. मी तुझ्यासाठी थांबलेय.”

“आणि मी तुझ्यासाठी...”

अख्खा वर्ग हसला. ती कानापर्यंत लाल झाली, पण तिलाही हसू आवरेना. त्या दिवशी तास संपला तशी जिन्यात दोघांची जुंपली. कथेतल्या बाईने दार का उघडलं नाही? तो म्हणे, रागाने. ती म्हणे, उघडलं असतं तर रडू फुटलं असतं म्हणून. आपल्याला हे असं काही सुचतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

घरी मात्र सगळं ठरलेलं होतं. तिचे बाबा कवळ्या बनवत. तयार कवळी डब्यात घालून दंतवैद्यांच्या दाराशी ताटकळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मुलीने त्या दाराच्या आत डॉक्टर म्हणून उभं राहावं, एवढं एकच स्वप्न. साहित्य आणि रसायनाचा तास एकाच वेळी, म्हणजे साहित्य घेतलं की ती वाट बंद. बाबांचं मन मोडायचं की स्वतःचं मारायचं? तिला घास गोड लागेना.

गुरुवारी मॅडमकडून तिला कळलं, एक विद्यार्थी कमी पडतोय. तो मिळाला नाही तर हा वर्ग यंदा चालणार नाही. ती तडक जिन्यात लंबूकडे गेली.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग मला एका शब्दाने बोलला नाहीस?”

त्याने बुटांकडे पाहिलं. “बोललो असतो तर तू माझ्यासाठी आली असतीस. मग दोन वर्षं मला वाटत राहिलं असतं—ही इथे बसलीय ती उपकार म्हणून.” मग हळूच म्हणाला, “नाही घेतलंस तरी रागावणार नाही मी. वाईट मात्र वाटेल.”

त्या संध्याकाळी बाबा कवळीला पॉलिश करत होते. तिने त्यांच्यासमोर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं.

“शिकून करणार काय?” त्यांनी विचारलं.

“अजून माहीत नाही, बाबा. पण रसायन मी तास संपला की विसरते. हे घरी आल्यावरही डोक्यात चालूच असतं.”

बाबांनी मशीन बंद केलं. जेवतानाही ते ताट अर्धंच टाकून उठले. सकाळी ती निघाली तेव्हा मात्र दारापर्यंत आले. “मला पटलेलं नाही,” ते म्हणाले. “पण शिकायचंय तुला. घेतेस ते धड शीक.” त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिचे डोळे भरून आले, तरी तिने शब्द फिरवला नाही.

विषय कळवून ती जिन्यात आली. लंबू कठड्याला टेकून उभा होता.

“घेतलं,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच शंकेने उतरला. “माझ्यासाठी नाही ना?”

“छे. बाबांना दुखवून तुझ्यासाठी विषय घ्यायला मी काय वेडी आहे?”

“बरं झालं,” तो म्हणाला, पण आवाज जरा पडलाच.

ती दोन पायऱ्या वर चढली. आता कुठे त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले.

“तू आवडतोस, ते निराळं,” ती म्हणाली. “ते... वर्ग बंद पडला असता ना, तरी सांगणारच होते.”