अठ्ठ्याऐंशी ठोके

ही गोष्ट सांगितली की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तुझी झोप होते का नीट? आणि त्या दिवशी जेवली होतीस का? दोन्हींचं उत्तर हो आहे. तरीही जे घडलं ते घडलं. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी अजिबात हरकत नाही.

आणि रात्र, अमावस्या वगैरे काही नव्हतं. लख्ख दुपार होती. तीन वाजून चाळीस मिनिटं.

वेळ पक्की सांगू शकते, कारण ती मीच कागदावर लिहिली होती.

मी तेव्हा ॲम्ब्युलन्सवर नवीन होते. आठवाच आठवडा. माझ्याबरोबर असायचे ते गाडीही चालवायचे आणि मला कामही शिकवायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बावीस वर्षं या कामात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा अंगठा धरून सांगितलं होतं, "नाडी बघताना याला लांब ठेवायचं. अंगठ्यात आपलीच नाडी उडते. याने बघशील तर पेशंट राहील बाजूला, स्वतःलाच मोजत बसशील."

मी हसले होते. इतकं बावळट कोण असतं, असं वाटलं होतं.

त्या दुपारी कॉल आला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. एक शिंपीकाका शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कोसळले होते. गळ्यात टेप तशीच. बायको उशाशी बसलेली. उस्ताद म्हणाले, "मी उचलायची खुर्ची घेऊन येतो. तू श्वास बघ, नाडी बघ. नसली तर छाती दाबायला लाग. माझी वाट बघू नकोस."

ते खाली धावले.

मी गुडघ्यावर बसले. मनगटावर बोटं ठेवली... काहीच लागेना. मानेशी बघायचं असतं, ते डोक्यातूनच गेलं.

"आहेत ना हो?" बायकोने विचारलं.

मी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. अंगठ्याने.

आणि लागली. ठक... ठक... ठक. चांगली जोरकस.

"आहेत," मी म्हणाले. "नाडी लागतेय."

त्या बाईने डोळे मिटून हात जोडले. मी घड्याळ लावून मोजलं. अठ्ठ्याऐंशी. कागदावर लिहिलं, वेळेसकट. मध्येच काकांनी आचका दिल्यासारखा एक श्वास घेतला, त्याने मला आणखी धीर आला. तो श्वास नव्हता, हृदय थांबल्यावर शरीर देतं तो नुसता झटका होता, हे आज कळतं. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांच्या अंगठ्याच्या सांध्यावर, वर्षानुवर्षं कात्री चालवून पडलेला टणक घट्टा होता. तो माझ्या तळव्याला टोचत होता.

चार मिनिटांनी उस्ताद आले. त्यांनी दोन बोटं काकांच्या मानेवर ठेवली. मग माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या अंगठ्याकडे.

खाली बसले आणि छाती दाबायला लागले.

हॉस्पिटलपर्यंत आम्ही आळीपाळीने दाबत राहिलो. काही उपयोग झाला नाही. चार मिनिटं मी माझीच नाडी मोजत बसले होते आणि तेवढ्यात तो माणूस हातचा गेला.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही शेवटपर्यंत त्यांचा हात सोडला नाहीत. तेसुद्धा तुम्हाला विसरायचे नाहीत, बघा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला माझी नोकरी दिसत होती, दुसरं काही नाही. त्याची लाज अजून वाटते.

घरी आम्ही दोघंच, बाबा आणि मी. बाबांनी आयुष्यभर बस चालवली. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला, तेव्हापासून रोज एक गोळी. त्या गोळीने नाडी संथ चालते, साठच्या आतबाहेर. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून ते मनगट पुढे करायचे. "बघ गं, इंजिन चालू आहे का?"

"चालू आहे. आवाज फार करतंय पण."

हा आमचा रोजचा खेळ.

शिंपीकाका गेल्यानंतर आठवड्याभराने बाबांनी असाच हात पुढे केला. मी बोटं ठेवली. बोटंच, अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला होता. मोजलं.

अठ्ठ्याऐंशी.

पुन्हा मोजलं... अठ्ठ्याऐंशी. मशीनचा पट्टा बांधला. मशीन म्हणालं, एकोणसाठ.

"तुझं गणित शाळेपासून कच्चंच," बाबा म्हणाले.

कामावर सगळ्या पेशंटची नाडी मला बरोबर लागायची. मशीनशी जुळायची. फक्त बाबांचीच तेवढी नाही. रोज तेच. एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. उस्तादांना सांगितलं तर म्हणाले, "मनाला लावून घेतलंयस. चार दिवस रजा काढ."

मी रजा काढली. म्हणून त्या दुपारी घरात होते.

स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेर बाबांच्या पेपरची सळसळ येत होती. मग ती थांबली.

"बाबा, चहा टाकू?"



मी नळ बंद केला. बाहेर आले. बाबांची मान कलली होती. पेपर जमिनीवर.

त्यांना कसंबसं खाली उतरवलं, उताणं निजवलं. हाका मारल्या, खांदे हलवले. फोन स्पीकरवर टाकून गाडी मागवली. मानेशी दोन बोटं ठेवली. अगदी शिकवलं होतं तशी, कंठाच्या बाजूच्या खळगीत.

नाडी लागली. स्पष्ट. जोरकस.

माझा जीव भांड्यात पडला.

ठक... ठक... ठक. हा वेग ओळखायला मला घड्याळ लागत नव्हतं. तरी नजर भिंतीवर गेली.

तीन चाळीस.

बाबांचे ओठ निळे पडत होते. छाती हलत नव्हती. मग त्यांनी एक आचका दिला. तसाच... अगदी तसाच.

मी हे कसं सांगू? माझी बोटं सांगत होती की बाबा आहेत. डोळे सांगत होते की बाबा चाललेत. आणि त्यांच्या डाव्या मनगटावर, जिथे मी हातही लावला नव्हता, एक पांढरा लंबगोल ठसा होता. कातडी आत दबलेली. कुणीतरी अंगठ्याने दाबून धरावी तशी.

मी मानेवरचा हात काढून घेतला. छातीच्या मधोमध तळवा ठेवला, त्यावर दुसरा, आणि सगळं वजन टाकून दाबायला लागले. एक, दोन, तीन... अकराव्या दाबाला बरगडी मोडल्याचा आवाज आला. मी रडत होते आणि मोजत होते. थांबले नाही.

उस्तादच आले गाडी घेऊन. मशीन लावलं. पडद्यावर हृदयाचा ठोका नव्हताच, नुसती थरथर होती. दोन शॉक दिल्यावर बाबा परत आले.

डॉक्टर नंतर म्हणाले, "नाडी बघत बसला असतात तर हे गेलेच होते."

तिसऱ्या दिवशी बाबा बोलायला लागले. पहिलाच प्रश्न, "तो माणूस कोण होता गं?"

"कोण माणूस?"

"गळ्यात टेप होती बघ. माझा हात धरून बसला होता. तुला सारखा सांगत होता... आहेत, नाडी लागतेय." बाबांनी मनगट चोळलं. "अंगठ्याला एवढा घट्टा त्याच्या. टोचत होता मेला."

शिंपीकाकांबद्दल मी बाबांना एका शब्दाने बोलले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी तो तिसरा मजला चढले. काकांच्या बायकोला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. कामावरच्या साहेबांनाही लिहून दिलं. नोकरी गेली. वाटलं, आता तरी सुटले.

आता मी बाबांची नाडी मोजत नाही. बोटं टेकवल्यासारखी करते, नजर छातीवर ठेवते. वर, खाली. वर, खाली. तेवढ्यावरच माझा विश्वास उरलाय.

काल संध्याकाळी बाबांनी हात पुढे केला. "बघ गं, इंजिन चालू आहे का?"

"चालू आहे," मी म्हटलं आणि त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवून दिला. ते डोळे मिटून पडले. मी समोर स्टुलावर बसून छाती बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ते कुरकुरले. डोळे मिटलेलेच.

"अगं, सोड की आता. किती जोरात दाबतेस अंगठा!"

"सोडते हं, बाबा," मी म्हणाले.

माझे दोन्ही हात केव्हाचे माझ्या मांडीवर होते.