मनकवडी

हुपरीकरांच्या गॅरेजात स्प्रिंगा बदलायचं काम आता कुणी करत नव्हतं. पूर्वी शर्यतीच्या आधी सदानंद हुपरीकर फरशीवर आडवे होत, शर्यतगाडीची स्प्रिंग आवळून काढत, दुसरी बसवत, एक चक्कर मारायला लावत आणि मान हलवून पुन्हा काढत. आता त्यांची मुलगी वैजयंता नुसती सीटवर बसायची आणि पट्टा आवळायची. आज किती कडक व्हायचं ते स्प्रिंग आपली आपण ठरवायची.

कडक म्हणजे काय, तर सहा नंबरची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला सहा किलो वजन मागते, बाराची बारा किलो मागते. मऊ स्प्रिंगवर गाडी वळणात कलते आणि वेळ खाते. कडक स्प्रिंगवर ती सपाट राहते, पळते. पण मध्ये उंचवटा आला की कडक स्प्रिंगचं चाक जमिनीला धरून राहत नाही, उडतं. आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही, ते वळतही नाही. म्हणून चालवणाऱ्याला झेपेल तेवढीच कडक ठेवायची, एवढीच काय ती या कामातली कला.

ही नवी स्प्रिंग एका मिश्रधातूची होती. तिच्यातून वीज जास्त सोडली की ती कडक होई. किती सोडायची हे सीटमधली एक पट्टी सांगे, चालकाची नाडी आणि श्वास ऐकून. गाडी सुटायला लागली की माणसाच्या तोंडाआधी त्याच्या अंगाला कळतं. अंग दचकलं की स्प्रिंग मऊ पडे, निवांत असलं की दर फेरीला थोडी कडक होई. कंपनीनं तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गॅरेजात तिला मनकवडी म्हणत.

कोल्हापूरबाहेरच्या माळावरचा ट्रॅक त्या सकाळी माणसांनी फुलला होता. जिंकणाऱ्याला पुढच्या हंगामाची संघातली एकुलती जागा मिळणार होती. वैजयंता पहिली होती आणि मागची गाडी तिला चिकटून होती.

सदानंद कानाला हेडफोन लावून उभे होते. शेजारी कंपनीचा इंजिनिअर नौशाद मुजावर पडद्यावर डोळे लावून बसला होता.

"काका, वैजूताई काय खाऊन आलीय आज?" तो हसत म्हणाला. "नाडी बघा की. देवळाच्या पायरीवर बसल्यागत चाललीय."

"गातीय ती," सदानंद म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. हेडफोनात इंजिनाच्या गर्जनेखाली लेकीचा आवाज येत होता, विठ्ठल विठ्ठल, एका लयीत.

सदानंद एकादशीच्या कीर्तनाला पखवाज वाजवत. परकर सावरत वैजू टाळकऱ्यांच्या रांगेत उभी राहायची. पहिल्यांदा गाडीत बसवली तेव्हा ती रडली होती. तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "नाम घ्यायचं आणि श्वास नामावर सोडायचा. भ्या पळून जातं." आणि भ्या खरोखरच पळून गेलं होतं.

नौशादचं हसू मात्र थांबलं. ट्रॅकखालून पाण्याची मोरी जाते, तिथं एक उंचवटा आहे, आणि लगेच पुढं वळण. मोरीवर पुढचं डावं चाक बोटभर उचललं होतं. पुढच्या फेरीत ते चार बोटं उचललं.

"काका, स्प्रिंग अकरावर गेलीय. आता अंग दचकायला पाहिजे होतं. दचकतच नाहीये."

"मग?"

"मग मनकवडीला वाटतंय, ताईला झेपतंय. ती आणखी कडक होणार."

"चाक उडालेलं तिला दिसत नाही व्हय?"

"हिच्या पहिल्या नमुन्यातल्या स्प्रिंगा चाकाचं ऐकायच्या. दर खड्ड्याला मऊ पडायच्या. म्हणून आम्ही ते काढून टाकलं." नौशादनं ओठ चावला. "आणि शर्यत सुरू झाल्यावर बाहेरून हात लावता येत नाही. नियमच आहे."

सदानंद तसेच धावत निरीक्षकांच्या टेबलाशी गेले. निरीक्षकबाईंनी पडदा शांतपणे पाहिला.

"हुपरीकर, गाडी नियमात आहे. चालक ठणठणीत आहे. न झालेल्या अपघाताला मी लाल झेंडा कसा दाखवू?"

"बाई, पोर आहे हो माझी!"

"इथला प्रत्येकजण कुणाचं तरी पोर आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रुक्षपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

ते परत आले तोवर चाक वीतभर उचललं होतं. त्यांनी बोलण्याचं बटण दाबलं.

"वैजू, गाडी आत घे."

"का ओ आबा? गाडी पाण्यागत चाललीय!"

"मोरीवर चाक उडतंय."

"मला तर काहीच लागत नाही. तुम्हाला कायमच भ्या वाटतं. गेल्या वेळी तर नटबोल्ट खळखळतोय म्हणून आत बोलावलंत, आणि निघाला चहाचा कप."

"मग मोरीवर ॲक्सिलरेटरवरचा पाय तरी काढ."

"काढला की मागचा घुसतोय."

"वैजू, ऐक. मनकवडी फसलीय. तू गातीयस म्हणून नाडी शांत आहे, आणि ती समजतीय गाडी ठीक आहे. गायचं थांबव."

देवाचं नाव थांबव म्हणून आयुष्यात कुणाला सांगावं लागेल, आणि तेही पोटच्या पोरीला, असं सदानंदांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"बरं, थांबले," ती म्हणाली.

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. नाडी हलली नव्हती. मोरीवरून गाडी गेली, तेव्हा पुढची दोन्ही चाकं हवेत होती. ती तिरकी आपटली, सावरली. स्प्रिंग बारावर चढली.

"वैजू, थांबीव म्हटलं ना!"

"थांबवलंय की, आबा. तोंड बंदच आहे माझं. ते आपलं आपण आत चाललंय, त्याला मी काय करू?"

नाम असं आपोआप आत चालावं म्हणून माणसं जन्म घालवतात. कीर्तनात बुवा हे सांगत, तेव्हा पखवाजावर त्यांचे हात हलके होत आणि डोळे भरून येत. लेकीला ते मिळालं होतं, आणि कुठं मिळालं होतं!

"नौशाद, तुझं मशीन दुरुस्त कर रे बाबा!"

"मशीन बिघडलंच नाहीये, काका. ती शांत आहे हे खरंच आहे." नौशादचा चेहरा पांढरा पडला होता. "आम्ही मनकवडीला शिकवलं ते भिणाऱ्या माणसांवरून. न भिणारं कुणी येईल असं आमच्या डोक्यातच आलं नाही. आता ती घाबरली तरच स्प्रिंग मऊ पडेल. काहीतरी बोला तिच्याशी. घाबरवा तिला."

सदानंदांनी तोंड उघडलं. पण भिववायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. तिच्या जन्मापासून ते तिला एकच वाक्य बोलत आले होते, भिऊ नको. पलीकडच्या सरळ पट्ट्यावरून वैजूची निळी गाडी मोरीच्या दिशेनं निघाली होती. ती थांबत नव्हती, मोरी हलत नव्हती आणि शब्द येत नव्हते.

"वैजू," ते कसेबसे म्हणाले, "बाळा, भी गं जरा. माझ्यासाठी भी."

हेडफोनात ती हसली. त्या हसण्यात थट्टा नव्हती. वडलांनी काहीतरी मागितलं आणि ते आपल्यापाशी नाही, अशा वेळी मूल हसतं तशी ती हसली. मोरीचा चढ सुरू झाला.

"पण कुणाला भिऊ, आबा?"