मागच्या बाकावरचं मत

त्या वर्षी आखाडा बाळापुरात मंगळवारी संध्याकाळी बाजारपेठेत लाईट असली की भीमनगरात अंधार, आणि पुढच्या मंगळवारी उलट. त्यामुळे ‘मागचा बाक’ ही टीव्हीवरची मंगळवारची मालिका अख्ख्या गावानं मिळून अशी क्वचितच पाहिली. बुधवारी सकाळी कॉलेजला जाताना पोरी आठवडी बाजाराच्या रिकाम्या ओट्यांवर टेकायच्या. जिच्या गल्लीत लाईट होती ती गोष्ट सांगायची, आणि साक्षी त्या गोष्टीची सालटी काढायची. गोष्टीपेक्षा सालटी ऐकायलाच गर्दी जास्त.

साक्षी एसटी कंडक्टर रत्नपाल यांची थोरली, अकरावीतली. मालिकेत एका वर्गात मागच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली एक मुलगी होती. ती जिला दिसे तिची वाचा जाई. दर भागात एक पोरगी मुकी. पेपरवाल्यांनी ‘कोवळ्या मनाचा थरारक वेध’ वगैरे लिहून मालिका डोक्यावर घेतली होती. साक्षीला ते अजिबात मान्य नव्हतं.

“सोळा वर्षांची पोरगी इतक्या मुकाट्यानं गप बसती व्हय? लिवनाऱ्यानं पोरी बोलताना कदी ऐकल्याच न्हाईत,” ती म्हणायची.

माघात एका मंगळवारी गावाला वीज देणारी डीपी जळाली आणि सगळं गाव अंधारात गेलं. बुधवारी ओट्यावर पोरी चुळबुळत बसल्या. साक्षी म्हणाली, त्यात पाहायचं काय, मीच सांगते. आणि तिनं मनानंच एक भाग रचला. मालिकेतली मंजिरी पाण्यानं भरलेला पेला पालथा करते, पाणी सांडत नाही, आणि तिची वाचा जाते. रचून झाल्यावर स्वतःच्याच भागाला तिनं फालतू म्हणून निकालात काढलं. पोरी खूप हसल्या.

सपना तेव्हा सेनगावला मावशीकडे गेली होती. ती साक्षीची शेजारीण आणि बालपणापासूनची मैत्रीण. परतल्यावर तिनं सांगितलं, मावशीकडे लाईट होती आणि भाग पाहिला. मंजिरी, पालथा पेला, न सांडलेलं पाणी. कुणी हसलं नाही.

साक्षी मात्र हटली नाही. कुणालाही ओळखता येईल इतकी स्वस्त गोष्ट आहे, असं तिचं म्हणणं. ते सिद्ध करायला पुढच्या सोमवारीच तिनं डाव टाकला. मुंबईच्या लेखकाला सुचणारच नाही असं काहीतरी हवं होतं. समोर सपना बसली होती. हळद शिजवायचे दिवस, तिच्या घरी कढया लागलेल्या, त्यामुळे बोटं पिवळीधमक. साक्षीनं सांगून टाकलं, या खेपेला जिची वाचा जाईल तिची बोटं हळदीनं पिवळी असतील.

मंगळवारी नेमकी सगळीकडे लाईट राहिली. अख्ख्या गावानं पडद्यावर पिवळी बोटं पाहिली.

बुधवारी सपना ओट्यावर आली, बसली, आणि तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी घशात काही नाही म्हणून सांगितलं. सपनाची आई कमलबाई साक्षीच्या दारात आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, तुज्याच तोंडानं गेलं ना? मग तूच आन.”

साक्षीचं काळीज चिरलं. पण त्याहून जास्त आला तो संताप. सपना अंगणात हळद पसरत होती, खाली मान घालून, आणि गल्लीतले लोक म्हणत होते की पोरगी आता कशी शांत झाली. तो ‘शांत’ शब्द ऐकून साक्षीच्या डोक्यात तिडीक गेली. मालिकेतही सगळे असंच म्हणायचे.

शेवटचा भाग उरला होता. सोमवारी तिनं सगळ्या पोरींना ओट्यावर बोलावलं आणि सपनाला मधोमध बसवलं. मग खड्या आवाजात शेवट सांगितला. मुक्या झालेल्या साऱ्या पोरी मिळून मागचा बाक ओढत बाहेर आणतात, कुऱ्हाडीनं फोडतात, आणि सगळ्या एकदम बोलायला लागतात.

कोमल नावाची एक पोरगी चाचरत म्हणाली, असा गोड शेवट तर तुला कधीच आवडत नाही.

“भिकार शेवट हाय,” साक्षी म्हणाली. “पर ह्योच व्हनार. आमी न्हाई गप बसत.”

मंगळवारी सपनाच्या घरी भीमनगरातल्या बायापोरी दाटीवाटीनं बसल्या. पडद्यावर बाक बाहेर आला. कुऱ्हाड पडली. पोरी बोलू लागल्या. कमलबाईनं लेकीकडे पाहिलं.

“आई,” सपना म्हणाली.

कमलबाई रडू लागली. साक्षीही रडली आणि हसली. मग सपनानं तिचा हात धरला. आवाज अगदी पहिल्यासारखा होता.

“साक्षी, पर ती कुटं गेली? बाकावरची? तू सांगितलंच न्हाईस.”

साक्षीनं पडद्याकडे पाहिलं. बाकाच्या ढलप्या मैदानात पडल्या होत्या. जवळपास कुणी नव्हतं. तेवढ्यात मालिकेच्या शेवटची नावं सुरू झाली.

सकाळी साक्षी मुद्दाम लवकर कॉलेजात गेली आणि पहिल्या बाकावर बसली. वर्ग रिकामा होता. दार समोर होतं. तिच्यानंतर कुणी आत आलं नव्हतं.

“शेवट बरा होता,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

साक्षीची मान ताठ झाली. ती वळली नाही.

“भिकार होता,” ती म्हणाली. आवाज निघाला, नेहमीसारखा मोठा. “पुढचं बी मीच सांगनार.”

मग तिच्या खांद्याच्या बाजूनं चार बोटं पुढे आली आणि ओट्यावर पोरी ऐकायला टेकायच्या तशी बाकाच्या कडेवर टेकली. हळदीनं पिवळीधमक, आणि अजून ओली.