तळ्यातला खुंट

"ए, त्या मुरमाला हात लावू नका!"

आवाज बांधावरून आला. कोरड्या तळ्यात उतरलेली सातवीची पोरं जागीच थांबली. पंचशीलाबाईंनी वर पाहिलं. डोक्याला रुमाल, हातात टेप, नाकावर धूळ... उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा नवा झाला, तसे साहेबही नवे येत होते.

"इतिहास शिकायलोत, साहेब."

"मग पुस्तक उघडा की."

"पुस्तकात हे तळं न्हाई."

जळकोटपलीकडचं ते तळं बहात्तरच्या दुष्काळात खोदलेलं. यंदाच्या दुष्काळात आटलं, तेव्हा मधोमध छातीएवढा मातीचा खुंट उघडा पडला. खोदाई किती झाली हे मोजायला तो मुद्दाम सोडतात. मजुरी त्यावर ठरते. माप झालं की पाडतात. हा राहून गेला होता. पंचशीलेची आई पारूबाई त्या कामावर होती. आज खुंटाच्या सावलीत बसून ती पोरांना तेव्हाचं सांगत होती.

बांधावरचा ओव्हरसियर श्रीमंत खाली उतरला. खुंटाचा माथा त्यानं नखानं खरवडला.

"बाई, तुमचा पुरावा खोटा हाय. वरचा वीतभर थर मागून चढवलाय. माप वाढावं म्हणून."

पोरं पारूबाईकडं वळली. "कुणी चढवला, आजी?"

"मला काय म्हाईत?" पारूबाई पदराआड हसली. "भूक तर खरी होती."

"लिहा रे," पंचशीला म्हणाली. "साक्षीदार काय सांगतो ते. आणि का सांगतो, तेही."

श्रीमंत तिच्याकडं बघतच राहिला. टेप गुंडाळायची विसरून.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तळ्यात. तिसऱ्याही.

"कालच मोजलं होतं ना?"

"चुकलं असंल..."

"रोज चुकतं?"

"तुम्ही आलात की चुकतं."

पंचशीलेनं हसू दाबलं आणि शाळेच्या घागरीतलं पाणी त्याच्यापुढं केलं.

मग एका दुपारी त्यानं सांगितलं. सोमवारपासून गाळ काढायचा, खुंटासकट तळ सपाट करायचा, असा हुकूम आलाय. शिवाय उस्मानाबादेत राहायचं की लातूरला यायचं, तेही लिहून द्यायचंय. उस्मानाबादेत त्याचं घर होतं.

"काय लिहू?"

त्यानं इकडंच राहावं, एवढंच तिला हवं होतं. पण तोंडून निघालं, "मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही बघा."

सोमवार उलटून गेल्यावर ती पोरांना घेऊन तळ्यावर गेली, ती भीतभीतच. बाया पाट्या वाहत होत्या. तळ हातभर खाली गेला होता. खुंट मात्र उभा... आणि हातभर आणखी उंच झालेला! जुन्या खोदाईखाली नवी खोदाई.

"पाडायचा होता ना?"

"माप संपेपर्यंत ठेवता येतो."

"आणि माप घ्यायला उस्मानाबादेहून कोण येणार?"

"कुणी न्हाई. मी लातूर लिहून दिलं." तो घुटमळला. "का — तेही सांगू?"

खाली वाकून पंचशीलेनं ओंजळभर माती उचलली, टाचा उंचावून खुंटाच्या माथ्यावर ठेवली आणि तळहातानं थोपटली.

"बाई, ही लबाडी झाली!"

"होऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं माप इतक्यात संपायला नको."