सोफ्याच्या मागची जागा

डिलाईल रोडची आमची चाळ पाडली आणि त्याच आवारातल्या टॉवरमध्ये आम्ही राहायला आलो. मी, बायको प्रिती आणि आई. सामान लागलं, पण टीव्ही कुठे लावायचा ते कळेना. हॉलच्या एका बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काच, काचेच्या समोर उघडं किचन, तिसऱ्या बाजूला मुख्य दारापर्यंत गेलेला पॅसेज. टीव्हीजोगती भिंत एकच उरली, दाराच्या बरोबर समोरची. त्यामुळे सोफा आला हॉलच्या मधोमध, पॅसेजकडे पाठ करून.

आईला तिथं बसवेना. चाळीतल्या खोलीत तिची पाठ कायम भिंतीला. इथं ती सोफ्याच्या कडेला टेकायची आणि सारखी मान वळवून मागे बघायची. त्यात तिला ऐकू कमी येतं. आवाज वाढवला की काच थरथरायची, पण शब्द किचनभर पसरून जायचे.

म्हणून रविवारी दुपारी मी उन्मेषला बोलावलं. माझा शाळेतला मित्र, स्पीकर बसवायचं काम करतो. मागे भिंतच नाही म्हटल्यावर त्यानं दोन स्पीकर स्टँडवर घेतले आणि पॅसेजच्या तोंडाशी उभे केले. मग सोफ्यावर आवाज मोजणारा छोटा माइक ठेवला. हॉल रिकामा हवा, म्हणून आम्ही सगळे बेडरूममध्ये गेलो. बाहेर एकेका स्पीकरमधून फुस्स... फुस्स... असा आवाज येत राहिला.

उन्मेषनं मोबाइल पाहिला. उजव्या मागच्या स्पीकरसमोर काहीतरी आडवं येतंय, असं त्यात दाखवत होतं. बाहेर जाऊन पाहिलं तर समोर काहीच नव्हतं. त्यानं स्टँड सरकवून पुन्हा आवाज सोडले. आता उजवा मोकळा होता. डावा अडला होता.

"सरकला तो," आई पलंगावरून म्हणाली. "तुम्ही मध्ये गेलात ना."

"कोण, मावशी?" उन्मेषनं विचारलं.

"कोंडीराम. उभ्यानंच बघतोय मघापासून. प्रफुल्ल, आत ये म्हण रे त्याला..."

कोंडीरामकाका चाळीत आमच्या शेजारी एकटे राहायचे. रोज संध्याकाळी तपकीर ओढत, दारात उभे राहून टीव्ही बघायचे. कितीही म्हटलं तरी आत येऊन बसायचे नाहीत. चाळ रिकामी होण्याआधीच ते गेले. त्यांच्या मयताला मी होतो.

उन्मेष हॉलमध्ये जायला तयार होईना. मग मीच गेलो. काचेतून लख्ख ऊन आत आलं होतं, आणि पॅसेजच्या तोंडाशी तपकिरीचा वास. आमच्याकडे तपकीर कोणी ओढत नाही. तरी आईच्या समाधानासाठी म्हटलं, "काका... या आत. बसा."

त्यानंतरच्या तपासणीत दोन्ही स्पीकर मोकळे निघाले.

आईची मान वळायची थांबली. आता ती सोफ्याच्या एका टोकाला बसायची, शेजारची जागा सोडून. प्रितीनं चार दिवस ते पाहिलं. मग एवढंच म्हणाली की टीव्ही लागला की मला त्या हॉलमधून जाववत नाही. मी उन्मेषला स्पीकर परत न्यायला लावले, टीव्हीची वायर काढली आणि आईला काही दिवस ताईकडे माटुंग्याला पोचवलं. घर शांत झालं. आम्हाला झोप लागू लागली.

गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या हेमचंद्रांनी लिफ्टपाशी थांबवलं. सभ्य माणूस, नुकताच राहायला आलेला. संकोचत म्हणाले, संध्याकाळी तुमच्या दारात बरीच म्हातारी मंडळी उभी असतात, आम्हाला लिफ्टपर्यंत जाता येत नाही, त्यांना आत तरी घेत जा.

मी सांगितलं की आमच्याकडे कोणीच येत नाही. टीव्हीसुद्धा महिनाभर बंद आहे.



"हो, तेच..." ते हळू आवाजात म्हणाले. "काल त्यातल्या एकानं मला विचारलं, टीव्ही कधी लागणार म्हणून."