वाडीची पन्नास माणसं

ग्रामपंचायतीतली जया वही घेऊन उंबरवाडीत आली, तेव्हा सोनीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. वाडीनं एस.टी.साठी अर्ज केला होता आणि पन्नास राहती माणसं दाखवा, मग गाडी वर पाठवू, असं उत्तर आलं होतं. जया घरोघर फिरली. एक्केचाळीसच भरली. बाकीची वाडी केव्हाच मंचरला नाहीतर भोसरीला पांगली होती.

ओढ्यापलीकडच्या खालच्या वाडीला मात्र गाडी होती. सोनीबाईची धाकटी बहीण सरूबाई तिथंच दिलेली. सात वर्षांमागं सरूच्या नवऱ्याला साप चावला. त्याला गाडीत घालून घोडेगावला नेलं आणि तो वाचला. पुढच्याच पावसाळ्यात सोनीबाईच्या नवऱ्याला, भिमाजीला चावला. घोंगडीच्या झोळीतून त्याला चौघांनी खाली आणलं, पण गाडी नुकतीच निघून गेली होती. रस्त्याकडेला त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. सरू पाणी घेऊन धावत आली, ते तिनं घेतलं नाही. तेव्हापासून बहिणीच्या कपाळाचं कुंकू दिसलं की सोनीबाईच्या पोटात आग पडायची.

जया वही मिटू लागली, तशी ती म्हणाली, "थांब बाई. नऊ माणसं राह्यली."

पहिलं नाव तिनं भिमाजीचं सांगितलं. मग सासरा, दोन दीर, चुलत सासू... सगळी मसणात गेलेली. जया गावात नवीन होती. सगळी कामाला गेलीत, दिवस मावळला की येतील, असं सोनीबाईनं तिला ठोकून दिलं.

दिवाळीनंतर गाडी आली. हार घातला, नारळ फुटला. सोनीबाई दाराला कुलूप लावून पहिल्याच फेरीला घोडेगावला गेली. काम काहीच नव्हतं. खिडकीत बसून खालच्या वाडीतून जायचं, एवढंच.

संध्याकाळी परतताना गाडीत ती, ड्रायव्हर आणि कंडक्टर. खालच्या वाडीत सरूबाई चढली. आक्काच्या वाडीला गाडी झाली म्हणून तिला कोण आनंद! ती शेजारी बसायला वाकली. सोनीबाईनं पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली.

सरू मागं निघाली.

"मावशी, मागं जागा न्हाई," कंडक्टर तिकिटं फाडत म्हणाला. "दांडीला धरून उभ्या ऱ्हावा."

सोनीबाईला हसू आलं. अख्खी गाडी मोकळी होती. मग वळणावर ओल्या घोंगडीचा वास आला... लोकरीचा, चिखलाचा. मागून कुणीतरी हळू खाकरलं.

"हाय की जागा," सरू म्हणाली. "दाजींनी सरकून दिली."

सोनीबाईनं मान वळवली नाही. वळवायची छाती झाली नाही. चढभर मागं सरू दबक्या आवाजात बोलत होती, आणि कुणीतरी हुंकार देत होतं. तो हुंकार तिला ठाऊक होता. सहा वर्षांत तो तिच्या स्वप्नातसुद्धा आला नव्हता. भीती वाटत होती, पण भीतीच्याही आत काहीतरी जळत होतं. तो आला, आणि सरूला जागा दिली...

वाडीत गाडी थांबली. मागच्या दारानं माणसं उतरावीत तशी ती बराच वेळ हलत राहिली. मग सोनीबाई उतरली. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

ती घराकडं जवळजवळ पळाली. किल्ली तिच्या कमरेला होती, पण कुलूप काढून ओट्यावर ठेवलेलं. दार ढकललं. आतून कडी होती. फटीतून चुलीचा उजेड आणि बऱ्याच माणसांची कुजबुज येत होती.

"सरू..." तिनं दार वाजवलं. "मी हाये गं."

कुजबुज थांबली.

"आक्का यायची राह्यली वाटतं," आत सरूबाई म्हणाली.

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "मोजलीत मी. सगळी आली."